बावन्न आठवडे, बावन्न अक्षरं: सोलापुरात वर्णमालेचा फोटो-उपक्रम कसा करावा

माझ्या मोबाईलमध्ये सिद्धेश्वर मंदिराचे चारशेच्या वर फोटो होते. सगळे संध्याकाळचे, तलावाच्या एकाच कठड्यावरून काढलेले, आणि सगळ्यांत पाण्यावर तोच तांबूस पट्टा. मावसबहिणीला दाखवायला बसले तर ती तिसऱ्या फोटोनंतर म्हणाली, "अगं, हाच मगाशी दाखवलास की." त्या रात्री मी वहीत अ ते ज्ञ लिहून काढलं आणि ठरवलं, पुढचं वर्षभर आठवड्याला एक अक्षर. त्या अक्षराची एक वस्तू, एक माणूस किंवा एक जागा शोधायची आणि एकच फोटो ठेवायचा.

दोनदा केलंय हे. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा पार पडलं. दोन्हीचा अनुभव धरून पुढचं लिहितेय.

अक्षरं किती घ्यायची

आजच्या मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ धरून १४ स्वर, अं आणि अः हे २ स्वरादी, ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ अशी २ विशेष संयुक्त व्यंजनं. बेरीज ५२, आणि वर्षाचे आठवडेही ५२. इतका आयता हिशोब जुळलेला असताना इंग्रजीची २६ अक्षरं कशाला घ्यायची? शिवाय मराठीत विचार केला की शब्दही इथल्या मातीतले येतात. 'बी' म्हटलं की बॉल आठवतो, 'ब' म्हटलं की बाराबंदी, म्हणजे बंदांच्या गाठींनी बांधायचा अंगरखा.

वर्षभर जमणार नसेल तर फक्त क ते म ही २५ व्यंजनं घ्या, रोज एक. महिन्याच्या आत संपेल. पण पहिल्याच खेपेला रोजचा नेम धरू नका. रोजच्या नेमात माणूस अकराव्या दिवशी घरातल्या टेबलावरचा टॉर्च काढून 'ट झाला' म्हणतो.

नियम वहीत लिहा, तोंडी ठेवू नका

माझे नियम चार. शब्द शक्यतो त्या अक्षराने सुरू व्हावा. फोटो त्याच आठवड्यात काढलेला असावा, जुन्या गॅलरीतून उचललेला नको. एका अक्षराला शेवटी एकच फोटो. चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला दुसऱ्या वर्षी सुचला: वस्तूचं नाव ती वस्तू वापरणाऱ्याच्या तोंडून आलेलं असावं.

हा चौथा नियम कसा आला ते सांगते. 'श'साठी मी घरी बसूनच 'शटल' लिहून ठेवलं होतं. अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात ओळखीने गेले. आत आठ माग चालू होते, शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नव्हतं. एक वयस्कर कामगार माग थांबवून कांडी बदलत होते. त्यांना ओरडून म्हटलं, "मामा, जरा शटल हातात धरता का?" त्यांनी ते लाकडी होडकं तळहातावर ठेवलं. दोन्ही टोकांना धातूची अणी, मधल्या खोबणीत पांढऱ्या सुताची कांडी, आणि कडा हाताळून हाताळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. मग म्हणाले, "शटल मशीनवाले म्हणतेत. धोटा म्हणा की!"

'श' रिकामा झाला आणि 'ध' भरला. 'ध'साठी मी गिरणीचं धुराडं योजून ठेवलं होतं. ते लांबून, झूम करून, कुणाशी एक शब्द न बोलता काढता आलं असतं. धोट्यासाठी मला आत जावं लागलं, थांबावं लागलं, विचारावं लागलं. तेव्हापासून घरी बसून यादी पुरी करत नाही. अक्षर घेऊन बाहेर पडायचं आणि "याला काय म्हणता?" एवढंच विचारायचं.

सोलापुरात या प्रश्नाची गंमत अशी की उत्तर कुठल्या भाषेत येईल सांगता येत नाही. मराठीत माग, कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गम. तिन्ही 'म'वरच! पण प्रत्येक वेळी असं सुरळीत जुळत नाही. वहीत शब्द ऐकला तसाच लिहा, अक्षर नंतर ठरवा.

यादी अर्धवट ठेवा, पण पंचांग पुरं पाहा

काही अक्षरं वर्षातून एकदाच हाताशी येतात. ती आधी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. बाकीची सुटी राहू द्या, क्रमाने काढायची सक्ती नको.

मी पाडव्याला सुरू करायला सांगेन. उन्हाळा लगेच अंगावर येतो हे खरं, पारा चाळिशी ओलांडतो, आणि सकाळी साडेआठनंतर रस्त्यावरचा प्रकाश इतका कडक होतो की माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. म्हणून चैत्र-वैशाखात छपराखालची अक्षरं उरकायची: माग, सूप, औषध, उंबरठा, घरातली घोंगडी. 'ऐ'ला ऐन दुपार घ्या. ओस पडलेली नवी पेठ आणि दुकानाच्या पायरीवर सावलीला लवंडलेलं कुत्रं, यापेक्षा सोलापूरचा मे महिना वेगळा दाखवता येत नाही.

आषाढी वारीला शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी शहरातून जाते, तेव्हा 'द'ला दिंडी किंवा 'ट'ला टाळ. श्रावणात नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. 'ऋ'साठी डोकं खाजवणाऱ्यांना तिथे ऋषी मिळतात, तेही रथासकट. नवरात्रात शहराच्या पूर्व भागात बतकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचलेली देवी आणि भोवती फेर. कोजागिरीच्या सुमाराला तुळजापूरला चालत निघालेली माणसं रात्रभर रस्त्यावर असतात. तिथे चेहऱ्यांच्या मागे लागू नका, 'प'ला पाय काढा. थंडीत 'ह'ला हुरडा.

मग येते सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा. पाडव्याला सुरुवात केलीत तर ती शेवटच्या टप्प्यात येते आणि तोवर हात बसलेला असतो. जानेवारीच्या त्या चार-पाच दिवसांत अर्धा डझन अक्षरं सुटतात. मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे सात नंदीध्वज, ते पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी, शहरातल्या ६८ लिंगांना होणारं यण्णीमज्जन म्हणजे तेलाचं स्नान, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा पाळणा आणि शेवटी दारूकाम. एकाच दिवशी सगळं काढायच्या नादाला लागू नका. मी पहिल्या वर्षी नंदीध्वज, बाराबंदी आणि गर्दी असं तिन्ही एकाच फोटोत कोंबायला गेले आणि फोटोत आलं समोरच्या माणसाचं मुंडासं. नंदीध्वज हवा असेल तर मोबाईल उभा धरा, मिरवणूक यायच्या अर्धा तास आधी एखाद्या घराच्या जिन्यावर परवानगीने जागा पकडा आणि काठीचं टोक फोटोत पुरं येईल इतकं वर आकाश मोकळं सोडा. बाराबंदी हवी असेल तर उलट करा: एकाच माणसाची पाठ, घामाने चिकटलेलं कापड, गाठी.

जानेवारीतच १२ तारीख लक्षात ठेवा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या चार पुतळ्यांचा फोटो रोजच काढता येतो, म्हणूनच तो रोज तसाच निघतो. खालून वर मोबाईल धरून पुतळा मोठा दाखवण्यापेक्षा रस्त्यापलीकडून काढा. पुतळे, सिग्नल, रिक्षा, शाळेची मुलं, सगळं येऊ द्या.

मोबाईल पुरतो

कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. एकच लेन्स ठरवून वर्षभर तीच वापरा, पायांना चालायची सवय लागते. डिजिटल झूम मात्र बंद.

दोन गोष्टी शिकून घ्या. पहिली, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग बाजूची खूण खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा. पांढरी चादर, पांढरी बाराबंदी, चुना मारलेली भिंत यांना हे करावंच लागतं, नाहीतर कापडाचा पोत जाऊन नुसता पांढरा डाग उरतो.

दुसरी गोष्ट कारखान्यासाठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. १/५० ला पळता धोटा दिसेनासा होतो, पण मागावरचं कापड आणि कामगाराचा स्थिर हात स्पष्ट राहतो. मला तेच जास्त आवडतं. धोटा दाखवायचाच असेल तर माग थांबलेला असताना, हातात. फ्लॅश अजिबात नको. चालत्या मागाशी काम करणाऱ्याचे डोळे क्षणभर जरी दिपले तरी बोटांवर बेतू शकतं. ओढणी, पदर, लोंबती पिशवी आवळून घ्या. आणि तिथल्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, ते लेन्सवर बसतात. रुमालाने रगडू नका, फुंकरीने किंवा मऊ ब्रशने उडवा.

माणसांसमोर

पहिल्या वर्षी एका बोळात न विचारता फोटो काढायला लागले. आतून मालक धावत आले, "कशाचा फोटो काढालाव ओ? कुठल्या खात्याचे तुम्ही?" त्यांची काही चूक नव्हती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, त्यांना मी तपासणीवालीच वाटले. आता बाहेर पडताना ओळखपत्र घरी आणि वही हातात. वहीतलं अक्षर दाखवलं की लोक हसतात आणि स्वतःच शब्द सुचवायला लागतात. "'ठ' पाहिजे होय? ठेचा घ्या की, ठेचा!"

'व'साठी विडी घेतली तेव्हा आधी दोन संध्याकाळी नुसती विड्या वळणाऱ्या एका अक्कांच्या ओट्यावर बसले. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. अक्का पान कापून, भरून, वळून, टोक दुमडून दोरा गुंडाळतात आणि हे सगळं शेजारणीशी बोलत बोलत, खाली न बघता. तिसऱ्या संध्याकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, "हाताचा काढ, तोंडाचा नको." ठेवलेला फोटो हाताचाच आहे, आणि तोंडासकट काढला असता तर इतका चांगला आला नसता. नाही म्हटलं की नाही. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोतच. नमाज, पूजा, अंत्ययात्रा अशा वेळी मोबाईल खिशात.

भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. हातातल्या मोबाईलवर खंदक, तटबंदी आणि बुरूज अशी तीन अक्षरं आरामात होतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाणार असाल तर वन खात्याची परवानगी घ्या आणि माळढोकाचा हट्ट घरी ठेवा. ते अभयारण्य १९७९ मध्ये ज्याच्यासाठी जाहीर झालं तो पक्षी आता दिसणं जवळपास दुर्मीळच. गवतात घुसून त्याला हुसकावणं हा फोटोग्राफीचा भाग नव्हे. माळरान काढा. काळवीट रस्त्यावरून दिसतात, आणि काळवीटमध्ये 'ळ' आहे.

अडणारी अक्षरं

इथेच पुष्कळजण सोडून देतात. मला विचाराल तर खरी मजा इथूनच सुरू होते. ङ, ञ, ण, ळ या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. शाळेच्या तक्त्यातही 'ण'ला बाण आणि 'ळ'ला बाळ. तेव्हा इथे नियम वाकवायचा: अक्षर शब्दात कुठेही चालेल.

'ळ'ला सोलापुरात तोटा नाही. बाळीवेस, मंगळवार पेठ, जुळे सोलापूर, सगळे पत्ते 'ळ'चेच. 'ण'ला मी यण्णीमज्जन घेतलं. शब्द कानडी, यण्णी म्हणजे तेल. दगडी लिंगावर तेलाची धार आणि त्यात सकाळचा उजेड.

'ङ' आणि 'ञ' डोळ्यांना दिसत नाहीत पण तोंडात असतात. क-वर्गातल्या अक्षराआधीचा अनुस्वार म्हणजे 'ङ'चा उच्चार, च-वर्गाआधीचा 'ञ'चा. 'शेंगा' हळू म्हणून बघा, जीभ मागे जाते. म्हणजे 'ङ'ला शेंगांची चटणी हक्काने चालते. मी उखळात कुटलेल्या चटणीचा फोटो काढला, तेल सुटून कडेला लाल झालेली, शेजारी कडक भाकरीचा तुकडा. 'ञ'ला शहरातला पंचकट्टा.

'ष'ला षट्कोन. भूमितीच्या वहीतला नको, मागाला आवळलेला सहा कडांचा नट, तेलकट, वर कापसाची लव चिकटलेली. 'ऌ'चा मराठीत एकच ओळखीचा शब्द, क्लृप्ती. त्यासाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली फळी, दोरीने जागेवर धरलेलं शटर, असा कुठलाही देशी जुगाड चालतो. 'अः'ला 'स्वतः' घ्या. उन्हात पडलेली आपलीच सावली, वर्षात एकदा आपणही फोटोत असावं. 'ज्ञ'ला यज्ञ, म्हणजे संक्रांतीचा होम. 'क्ष'ला क्षितिज सुरुवातीलाच बसतं, आपल्याकडे क्षितिजाला आडवं यायला डोंगरही नाही. पण तो फोटो कुठल्याही गावचा म्हणून खपेल. मी नियम मोडून अक्षता घेतल्या.

अक्षराचा आकारच शोधायचा असेल तर

हाही एक प्रकार आहे: वस्तूंत अक्षराचा आकार दिसला पाहिजे. रोमन अक्षरं सुटी आणि कोनांची, शिडीत, खिडकीत सापडतात. देवनागरीला शिरोरेघ आहे, म्हणून आधी आडवी दांडी शोधा आणि तिला काय लोंबतंय ते बघा. रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घातलेल्या असतात, ते दृश्य लांबून बाराखडीच वाटतं. दांडीला अडकवलेला आकडा म्हणजे ट, त्यात गोल तवा टांगला की ठ. नंदीध्वज म्हणजे नुसता काना. पण अख्खी ५२ अक्षरं अशी काढायला बसलात तर माझ्या अंदाजाने तीन वर्षं जातील, त्यापेक्षा स्वतःचं नाव काढा.

निवडणं आणि जपणं

रविवारी रात्री त्या आठवड्याचे फोटो बघा, एक ठेवा. दोन आवडले तर दोन्ही न ठेवता एखाद्याला दाखवा आणि "यात काय दिसतं?" विचारा. जो फोटो बघून समोरच्याला वस्तूचं नाव विचारावंसं वाटलं, तो ठेवा.

पहिल्या वर्षी माझी एकोणीस अक्षरं एकाच मेमरी कार्डात होती. कार्ड एका सकाळी वाचलंच जाईना. उपक्रम तिथेच संपला. तेव्हा त्याच रात्री दुसरीकडे प्रत, मग झोप. फाईलच्या नावात अक्षराआधी आकडा घाला: ०१ अ, ०२ आ असं. नाहीतर कॉम्प्युटर आपल्या शाळेचा क्रम पाळत नाही. तो 'ळ'ला 'ल'च्या शेजारी बसवतो, 'क्ष'ला 'क'च्या पंगतीत आणि 'ज्ञ'ला 'ज'च्या. सोबत एका ओळीत शब्द, जागा, तारीख आणि तो शब्द कुणी सांगितला ते लिहा. नाव नको, "विडीवाल्या अक्का, ओटा" एवढं पुरे.

शेवटी सगळे फोटो छापा, चार बाय सहाचे. ज्यांचे हात, ज्यांच्या वस्तू त्यात आहेत त्यांची एक जादा प्रत काढा आणि नेऊन द्या. हे सोडू नका. पुढच्या वर्षीची अर्धी दारं त्याने उघडतात.

मी धोट्याचा फोटो घेऊन त्या कारखान्यात गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, माग बंद. मामांनी हात पुसून फोटो घेतला, लांब धरून बघितला, शेजारच्याला दाखवला. फोटोच्या मागे मी 'ध – धोटा' लिहिलं होतं, ते वाचून म्हणाले, "हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं ओ. घरात आम्ही नाडे म्हणतो, तेलुगूत." मग जरा थांबून, "'न' कशाला दिलाव?"

'न' मी नंदीध्वजाला देऊन बसले होते.